सुध्या, धने झाले बे!

जुळे सोलापूर,
२३ फेब्रुवारी

प्रिय सुध्या,

उत्तराला महिना लावला म्हणून शिव्या घालणार असशील तर आधी घालून घे, मग पुढचं वाच. तू विचारलं होतंस, "घरी धने पेरले तर धनेच मिळतात का रे, का नुसती कोथिंबीर?" तुझं पत्र आलं तेव्हा वाफा फुलावर होता. म्हटलं, पीक हातात येऊ दे, मग लिहू. काल आलं. २१० ग्रॅम. कोपऱ्यावरच्या किराणावाल्याच्या काट्यावर मोजून घेतले. तो हसला आणि म्हणाला, "काका, एवढ्यासाठी चार महिने?" मी काही बोललो नाही. चार नाही, साडेतीनच.

तुझ्या प्रश्नाला मीही हसलो होतो, पण प्रश्न वेडा नाही. आपल्याकडे पानाला कोथिंबीर आणि बीला धने, म्हणून एकाच झाडाची ही दोन रूपं डोक्यात जुळतच नाहीत. शेजारच्या कानडी काकूंना असा प्रश्न पडत नाही. त्यांच्याकडे पानही कोत्तंबरी आणि बीही कोत्तंबरीच. बडीशेपेचं उलटं. ती म्हणजे शेपूचंच बी, असं मी पन्नाशीपर्यंत समजत होतो. शेपूचं बी म्हणजे बाळंतशोप. बडीशेपेचं झाड वेगळं. पानं तेवढी सारखी, झुपक्याझुपक्यांची.

आता अगदी पेरण्यापासून सांगतो. पहिल्या वर्षी मी धने तसेच्या तसे टाकले होते, तेही जूनमध्ये, पहिल्या पावसाच्या हौसेनं. निम्मे कुजले. जे उगवले ते पाऊस उघडल्यावर उन्हानं माना टाकून बसले. धना दिसतो एक, पण आत दोन दाळी असतात आणि प्रत्येक दाळीत एक बी. तो फोडून पेरायचा. फरशीवर पसरून वरून चपलेनं हलकेच रगडायचा. दोन फाका झाल्या पाहिजेत, चुरा नाही. मग रात्रभर पाण्यात. तरी आठ-दहा दिवस काही दिसत नाही. मेथी तिसऱ्या-चौथ्या दिवशी डोकं वर काढते, तिच्या शेजारी धन्याचा वाफा वांझोटा वाटायला लागतो. त्या आठवड्यात उकरून बघायचं नाही. मी बघितलं होतं.

यंदा दिवाळी उरकून ५ नोव्हेंबरला पेरले. इथे दसरा-दिवाळीनंतरचीच वेळ बरी. धन्याला कोवळेपणी थंडी लागते आणि दाणा भरताना कोरडं ऊन. सोलापुरात दुसऱ्याची ददात नाही. वर्षाचा पाऊस साडेपाचशे-सहाशे मिलिमीटर, तुमच्या रत्नागिरीत तेवढा एका जुलैत सहज पडत असेल.

मातीनं मात्र रडवलं. तुमची जांभ्याची तांबडी माती पाणी धरत नाही म्हणून तू कुरकुरतोस, इकडे ये एकदा. आमची काळी ओली झाली की खुरप्याला लोण्यासारखी चिकटते आणि वाळली की बोट जाईल एवढी भेग. वर चुनखडी. पहिल्या वर्षी मेथीची पानं पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या. पाणी जास्त झालं म्हणून ते कमी केलं, तर आणखी पिवळी. मग कळलं की चुन्याच्या जमिनीत लोह असून झाडाला घेता येत नाही. बोअरचं जड पाणी त्यात भर घालतं. कुंडीच्या कडेला पांढरा थर बसतो ना, तो त्याचाच. मी वाफ्यातली वीतभर माती काढून निम्मी तीच, बाकी शेणखत आणि वाळू अशी भरली. पिण्याचं पाणी आमच्याकडे चार-पाच दिवसांनी येतं, ते झाडांना घालायची सोय नाही. डाळ-तांदूळ धुतलेलं पाणी बादलीत साठवतो, ते वाफ्याला.

आणि टरफलं! हे तुला तिथे जमणार नाही. मागच्या गल्लीत एक बाई शेंगाचटणी कुटून विकतात. त्यांच्याकडे टरफलांची पोती पडून असतात, "न्या की हो" म्हणतात. दोन बोटं जाड थर वाफ्यावर पसरला की माती तडकत नाही आणि पाणी एक दिवसाआड पुरतं. थर देठांना थेट लावून ओला ठेवला तर वाळवी येते, म्हणून देठांपासून जरा दूर.

पण सुध्या, धन्याचा खरा शत्रू ऊन नाही, माती नाही, मावा कीडही नाही. घरचे लोक. वाफा हिरवागार झाला की पोह्यांवर टाकायला चार काड्या, आमटीला चार काड्या. "चारच घेतल्यात" असं दिवसातून तीन वेळा. गेल्या वर्षी असंच झालं. खुडलेली झाडं फुलतात, नाही असं नाही, पण उशिरा. तोवर मार्च लागतो, पारा अडतिसावर जातो आणि दाणा भरायच्या आत झाड वाळतं. हाती आला तो मोहरीएवढा धना. म्हणून यंदा दोन वाफे केले. एक खाण्याचा, दर पंधरा दिवसांनी थोडा थोडा पेरलेला. दुसरा बियांचा, चार बाय सहा फुटांचा, त्याला चारी बाजूंनी सुतळी. आई म्हणाली, "तुळस आहे का रे ती, हात लावायचा नाही म्हणजे?" बायको काहीच बोलली नाही. सुतळीच्या आत वाकून चार काड्या मात्र घेतल्याच असणार, कारण दक्षिणेकडचा कोपरा टकला होता.

जानेवारीत, सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेच्या दिवसांत वाफा फुलला. मी नंदीध्वजांची मिरवणूक बघून आलो आणि चप्पल न काढताच मागच्या अंगणात गेलो. पांढऱ्यात किंचित जांभळी झाक असलेल्या छत्र्या. एक तुरा डोळ्यांजवळ धरून बघ. कडेच्या फुलांची बाहेरच्या बाजूची पाकळी मोठी असते, आतली बारीक. जणू सगळ्या तुऱ्याला मिळून एकच फूल व्हायचंय. मधमाश्या सकाळी नऊपासून. त्यांच्यामुळे फवारणी बंद. गेल्या वर्षी माव्यावर मी कडुनिंबाचं तेल आणि साबण फवारला होता, भर दुपारी एकला. कीड राहिली बाजूला, फुलंच करपली. यंदा सकाळी नुसतं पाणी जोरात मारलं, बाकीचं काम लाल पाठीच्या, काळ्या ठिपक्यांच्या भुंगेऱ्यांनी केलं.

मग हिरवे दाणे धरले. एक चुरडून वास घेतला आणि थेट चाळीत जाऊन पडलो. गिरणीच्या चाळीतली तुमची ती बाज आठवते? रविवारी उन्हात काढून तिच्या सांध्यांत रॉकेल ओतायचो आपण? ढेकूण चिरडल्यावर यायचा तोच वास, अगदी तोच. बायकोला सांगितलं तर म्हणाली, "आता हे मसाल्यात घालायचंय, काही बोलू नका." रोज एक दाणा चुरडून बघायचा नाद लागला मला. दोन आठवडे ढेकूणच. मग दाणा हिरव्याचा पिवळसर व्हायला लागला तसा तो वास पातळ होत गेला, आणि एका सकाळी बोटांना धन्याचा वास आला. त्याच दाण्यात रोज थोडा ढेकूण कमी आणि थोडा धना जास्त, हे मी नाकानं बघितलं.

कापायचं ते पहाटे, दव असताना. ऊन चढल्यावर हात लावला तर निम्मे दाणे मातीत. जुड्या बांधून जिन्याखाली सावलीत उलट्या टांगल्या. कडक उन्हात रंग आणि वास दोन्ही जातात. सहा दिवसांनी जुन्या सोलापुरी चादरीवर काठीनं बडवल्या आणि सूप आईच्या हातात दिलं. पंच्याऐंशीची आहे, चष्मा सापडत नाही म्हणून दिवसभर ओरडते, पण सूप हातात आलं की मनगट चालायला लागतं. काडी-कचरा पुढे, दाणा मागे. मी पाखडायला गेलो तर धने अंगणभर.

बाकीचं थोडक्यात. मेथीची दहा झाडं राखली, कोयत्यासारख्या बारीक शेंगा आल्यात, अजून हिरव्या आहेत. बडीशेप माझ्या खांद्याला लागली. सगळे तुरे एकदम पिकत नाहीत, म्हणून पिकेल तसा एकेक कापतो. जेवण झाल्यावर अंगणात जाऊन हिरवी बडीशेप झाडावरूनच तोडून खायची, हा आमचा सध्याचा श्रीमंती थाट. ओव्याची मात्र फजिती. जाड, लवदार पानांचं झाड आपण भज्यांसाठी लावतो ना, त्याला ओवा धरेल म्हणून मी दोन वर्षं वाट बघितली. तो पानओवा. वास तेवढा ओव्याचा. खऱ्या ओव्याची पानं धाग्यासारखी, झाड धन्याच्या गोतातलं.

जिऱ्याच्या नादाला लागू नकोस, तू तर अजिबातच नको. त्याला कोरडी थंडी लागते आणि आभाळ आलेलं चालत नाही. डिसेंबरात तीन दिवस ढग राहिले आणि करप्यानं माझी कुंडी आडवी केली. त्याचं राज्य गुजरात-राजस्थानात. उंझ्याचा जिऱ्याचा बाजार उगाच तिकडे नाही, आणि बियांच्या मसाल्यांचं राष्ट्रीय संशोधन केंद्र २००० साली निघालं तेही अजमेरलाच.

पाकिटात पुडी आहे, चाळीस-पन्नास धने असतील. आता पेरू नकोस, तुझ्याकडे मार्चमध्ये काही व्हायचं नाही. डब्यात कोरडे ठेव. पाऊस पुरता गेला की नोव्हेंबरात, खाली भोकं असलेल्या पसरट कुंडीत. आणि वहिनींना आधी दुसरी कुंडी दे, खुडायला.

उरलेल्या धन्यांवरून घरात वाद चाललाय. वर्षाच्या काळ्या तिखटाला किलोभर धने लागतात, हे दोनशे ग्रॅम कुठे पुरणार? बायको म्हणते, दुकानातल्यात मिसळून टाका. आई म्हणते, मिसळायचे नाहीत, यांचं वेगळं तिखट कुटायचं, थोडं झालं तर थोडं. आईचंच होणार, तुला माहीत आहे. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात तिखट कुटायच्या डंकावर नंबर लावलाय. तिनं विचारलंय, सुध्याला अजून तेवढंच जहाल लागतं का कोकणात जाऊन जीभ मऊ झाली? त्याच्या आत कळव, म्हणजे मिरची त्या मानानं घेता येईल.

तुझा,
दिल्या