सहाणेपाशी माझा प्रश्न दुरुस्त करणाऱ्या, गावातल्या आशा आरोग्य कार्यकर्त्या ताईंना

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार.

माझा एम. एस्सी. नर्सिंगचा प्रबंध मागच्या महिन्यात विद्यापीठाकडे सादर झाला. त्याच्या आभाराच्या पानावर माझ्या मार्गदर्शक, प्राचार्य, प्रश्नावली तपासून देणारे तज्ज्ञ आणि आकडेमोडीत मदत करणारे सर अशा सर्वांची नावे आहेत. तुमचे मात्र नाही, कारण ‘माझं नाव नका छापू सिस्टर, गावात उगाच चर्चा होते,’ असे तुम्हीच मला बजावले होते. तो शब्द मी इथेही पाळते आहे. परंतु त्या प्रबंधातला सर्वांत मोलाचा प्रश्न तुमचा आहे, हे उघडपणे सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

पहिल्या सहा महिन्यांत बाळाला केवळ आईचे दूध मिळते का, आणि मिळत नसेल तर ते कुठे आणि का खंडित होते, हा माझा विषय. जुन्नरच्या पश्चिम पट्ट्यात मी पोहोचले तेव्हा आवणी सुरू होती, बाया दिवसभर खाचरात होत्या, आणि मी आखलेली सकाळी दहा ते दुपारी एक ही मुलाखतींची वेळ पहिल्याच दिवशी निरुपयोगी ठरली. तुम्ही स्वतःची भेटीची वही बाजूला ठेवून दिवेलागणीनंतर माझ्याबरोबर घरोघर फिरलात, त्या फिरण्याचा तुम्हाला एक पैसाही मिळणार नव्हता.

माझ्या प्रश्नावलीत एक प्रश्न असा होता: ‘बाळाला आईच्या दुधाखेरीज अन्य कोणताही द्रव अथवा घन पदार्थ दिला आहे काय?’ पहिल्या तीन घरांत आयांनी ‘नाही’ म्हटले, मी खूण केली, आणि तुम्ही काही बोलला नाहीत. चौथ्या घरी आई ‘नाही’ म्हणत असतानाच तुमची नजर चुलीजवळच्या सहाणेवर गेली होती. सहाण ओली होती, तिच्यावर पिवळसर लेप होता, आणि शेजारी फडक्याच्या पुरचुंडीत वेखंड, मुरुडशेंग, हळकुंड बांधून ठेवलेले होते. तुम्ही आजींना सहज विचारलेत, ‘आजी, गुटीला किती वेढे देता?’ आजींनी अभिमानाने हिशेब सांगितला: बारशापासून रोज, अंघोळीनंतर, जायफळाचा एक वेढा, बदामाचे दोन. आणि नुकतेच ‘नाही’ म्हणालेल्या त्या आईनेही मान डोलावली.

ती खोटे बोलली नव्हती. बाहेर पायवाटेवर आल्यावर तुम्ही मला समजावलेत, ‘गुटी म्हणजे खाणं नव्हे त्यांच्या लेखी. मालिश, धुरी, तशीच गुटी. काही दिलं का विचाराल तर नाहीच म्हणतील. गुटी कधीपासून सुरू केली, असं विचारा. पाणी, मध, साखरपाणी, एकेकाचं नाव घेऊन विचारा.’ जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शिकेतही कालच्या दिवसात बाळाला काय काय दिले, हे एकेका द्रवाचे नाव घेऊन विचारायला सांगितले आहे. ते मी वाचले होते, परीक्षेत लिहिलेही होते, आणि तरीही माझा प्रश्न पुस्तकी मराठीत गोठून बसला होता. ती मुख्य अभ्यासाआधीची पथदर्शी पाहणी असल्यामुळे प्रश्न बदलता आला. मार्गदर्शकांच्या संमतीने आम्ही तो तुमच्या शब्दांत लिहिला, त्याच घरांत पुन्हा गेलो, आणि उत्तरे बदलली. मूळ प्रश्न तसाच राहिला असता, तर माझ्या प्रबंधातला तो संपूर्ण तक्ता देखणा आणि चुकीचा झाला असता.

त्या आजींना तुम्ही रागावला नाहीत, हेही मी टिपून ठेवले आहे. ‘तुमच्या मालिशीला कोणाची सर नाही, तेवढी गुटी मात्र सहा महिने थांबवा, सहाणेवरचं पाणी बाळाच्या पोटाला बाधतं,’ असे म्हणून तुम्ही त्यांच्या हातातले मोठेपण तसेच राहू दिलेत. सल्ला कसा द्यावा, हे आम्हाला वर्गात शिकवतात. तो असाही देता येतो, हे मी तिथे शिकले.

आणखी एक दृश्य माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. विसाव्या-एकविसाव्या दिवसाचे बाळ, तुम्ही त्याचे अंगडे वर केलेत आणि पोटाची हालचाल पाहत श्वास मोजू लागलात. मध्येच ते रडले. तुम्ही थांबलात, ते शांत होईपर्यंत बसून राहिलात, आणि पुन्हा पहिल्यापासून पूर्ण एक मिनिट मोजलेत. अर्धा मिनिट मोजून दुप्पट करण्याचा मोह आम्हा शिकलेल्या परिचारिकांनाही होतो. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांत गावातल्याच स्त्रियांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवले आणि तिथले नवजात मृत्यूंचे प्रमाण तिसऱ्या वर्षी ६२ टक्क्यांनी खाली आले, हा १९९९ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास मी ग्रंथालयात अनेकदा वाचला आहे. २०११ पासून तुम्ही सगळ्या आशा तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी जाता, त्याच्या मुळाशी तेच काम आहे. त्या टक्केवारीच्या आत असे किती थांबलेले आणि पुन्हा मोजलेले श्वास असतील, हे मला तुमच्या शेजारी बसल्यावर उमगले.

आमच्या परिचर्या संशोधनात तुमच्यासारख्यांचा उल्लेख ‘माहिती संकलनास सहकार्य’ एवढाच होतो. मला तो अपुरा वाटतो, आणि पुढच्या कामात तुमच्यासारख्या ताईंना प्रश्नावली छापण्याआधी दाखवायची, छापल्यावर नव्हे, असे मी ठरवले आहे.

निघताना तुम्ही विचारले होते, ‘यातलं आमच्या बायांना काय कळणार?’ तेव्हा मी उत्तर दिले नव्हते. भातकापणीच्या आधी, तुम्ही सांगाल त्या संध्याकाळी मी अंगणवाडीच्या ओट्यावर येते, आणि जे निघाले ते सोप्या मराठीत वाचून दाखवते. आजींनाही बोलावून ठेवा.

आपली कृतज्ञ,
तुमची सिस्टर