मावशी, लघवी तपासा म्हणालात म्हणून

मावशी, सप्रेम नमस्कार.

नाव कुठं छापू नका असं तुम्ही बजावलंत, म्हणून आईला सांभाळणाऱ्या केंद्रातल्या नुसत्या मावशी. पत्र तुमची लेक मोबाईलवर वाचून दाखवेलच.

आईला जाऊन महिना झाला. पण सारखा आठवतो तो मागचा मे. दोन दिवसांत आई कुणी वेगळीच झाली. अल्झायमरला सहा वर्षं झालेली, तिनं मला ओळखलं नाही तर आताशा वाईटही वाटत नसे. पण ती अशी ओरबाडायची नाही, रात्रभर भिंतीशी भांडायची नाही. "आजार पुढं सरकला," असं सगळे म्हणाले. मीही म्हणाले. शांत ठेवणारी गोळी वाढवायचं जवळजवळ ठरलंच होतं. त्या गोळ्यांनी स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांना पक्षाघाताचा, मृत्यूचाही धोका वाढतो, हे मला फार उशिरा कळलं.

तुम्ही डायपर बदलता बदलता म्हणालात, "ताई, हा आजार असा दोन दिवसांत वाढत नाही. लघवीला वास येतोय, आजी पाणीही पीत नाहीत. आधी लघवी तपासा."

मूत्रमार्गाचा संसर्ग निघाला. या वयात ताप येईलच असं नाही, आधी डोकंच भरकटतं. जळजळतंय हे सांगायला आईकडे शब्द कुठं होते? अँटिबायोटिक सुरू झालं आणि आठवड्याभरात आई पुन्हा पदराची शिवण चाचपत खिडकीशी बसायला लागली.

मग तुम्ही पाण्यामागं लागलात. प्लास्टिकचा पेला ती ढकलून द्यायची. तुम्ही मला घरून तिचं स्टीलचं फुलपात्र आणायला लावलंत. हातात येताच तिनं ते गटागटा रिकामं केलं! माझ्या डोक्यात हे कधीच आलं नसतं, आणि मी तिची मुलगी.

पुढं गिळणं बिघडलं, पातळ पाण्यानं ठसका लागायला लागला. तेव्हा डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे तुम्ही सगळं दाटसर करून, तिला सरळ बसवून, चमच्या-चमच्यानं भरवत होता. भरवल्यावर अर्धा तास आडवी होऊ देत नव्हता. अन्न छातीत उतरून न्यूमोनिया होतो आणि या आजारात पुष्कळ माणसं त्यानंच जातात, हे तुम्हाला पाठ होतं.

आणि बेडसोर. डॉ. अल्झायमर यांनी १९०६ साली ज्या बाईवरून हा आजार जगापुढं मांडला, ती ऑगस्टे डेटर गेली ती अंथरुणातल्या जखमा चिघळून. आई शेवटचे चार महिने अंथरुणावर होती. तिच्या पाठीवर साधा ओरखडा नव्हता. रात्रपाळीत दर दोन तासांनी कूस बदलणं, टाचांखाली उशी सारणं... बारा तासांच्या त्या पाळीचा तुम्हाला मिळणारा पगार इथं लिहायची मला लाज वाटते.

आईचं फुलपात्र परत पाठवू नका. सात नंबरच्या आजी पाणी पीत नाहीत म्हणालात ना, त्यांना त्यातून देऊन बघा.

तुमची,
खिडकीजवळच्या आजींची थोरली