दहा पीडांचा क्रम

चि. रूथ हिस,
शालोम आणि अनेक आशीर्वाद.

यंदा सेदरला, म्हणजे वल्हांडणाच्या रात्रीच्या जेवणाच्या विधीत, मिसरच्या दहा पीडा तू वाचणार आहेस. मुलं विचारणारच, "ह्याच क्रमानं का?" नुसती घोकलेली यादी तेव्हा कामाला येत नाही.

आधी रब्बी यहुदांचे तीन शब्द पाठ कर: देत्साख, अदाश, बआहाव. पीडांच्या हिब्रू नावांची आद्याक्षरं जुळवून केलेले हे शब्द, तीन-तीन-चार असे. ते केवळ स्मरणासाठी नाहीत. स्तोत्र 78 आणि 105 मध्ये पीडा वेगळ्याच क्रमानं येतात. 105 मध्ये तर अंधार सगळ्यात आधी. कुणाचा गोंधळ होऊ नये म्हणून तोराचा (मोशेच्या पाच पुस्तकांचा) क्रम ह्या शब्दांत बांधून ठेवला, असं भाष्यकार सांगतात.

आता तोरातलं निर्गम हे पुस्तक उघडून गट तपासून बघ. प्रत्येक गटातली पहिली, म्हणजे रक्त, आरोव (रानटी जनावरं), गारा: तिन्ही वेळा मोशेला सकाळीच फारोला गाठायला सांगितलं आहे. दुसरी, म्हणजे बेडूक, गुरांची मरी, टोळ: "फारोकडे जा" आणि इशारा दे. तिसरी, म्हणजे उवा, गळवं, अंधार: इशाराच नाही. दोनदा बजावूनही ऐकलं नाही, की तिसरी पीडा न सांगता. भाष्यकार राशबामनी हे नेमकं दाखवलं आहे. थोरल्या मुलांचा मृत्यू ह्या साच्यात कोंबू नकोस. त्याचा इशारा दिलेला आहे, ती पीडा वेगळीच धर.

पहिल्या तिन्हींत काठी मोशेचा भाऊ अहरोनची, कारण नदीनं तान्ह्या मोशेला सांभाळलं आणि वाळूनं त्यानं मारलेला मिसरी झाकला. त्यांच्यावर त्यानं हात उगारायचा नाही. भाष्यकार राशी हे मिद्राशावरून (रब्बींच्या जुन्या कथा-विवेचनावरून) सांगतात. मला हे फार मोलाचं वाटतं: पाणी आणि माती यांचेसुद्धा उपकार स्मरायचे.

मोठ्या मुलांना तनहुमा ह्या मिद्राशातलं सांग. राजा बंडखोर शहराला वेढा घालतो तसा हा क्रम आहे. आधी पाणी तोडायचं, ते रक्त. मग कर्णे वाजवून घाबरवायचं, ते बेडकांचं ओरडणं. मग बाण, त्या उवा. पुढे गारा म्हणजे गोफणयंत्राचे धोंडे, अंधार म्हणजे कैद.

बेडकाशी जरा थांब. हिब्रूत तिथे एकवचन आहे, "बेडूक वर आला". रब्बी अकिवा म्हणाले, एकाच बेडकानं मिसर भरून टाकला. रब्बी एलाझार बेन अझऱ्या त्यांना म्हणाले, कथा सोडा, तुम्ही शुद्धाशुद्धाचे नियमच बघा. एक आला, त्यानं शीळ घालून बाकीच्यांना बोलावलं.

एक प्रश्न हमखास येतो: मरीत गुरं मेली, मग गारांत मरायला कुठून आली? पीडा "रानातल्या" गुरांवर होती, गोठ्यातली वाचली.

मनुकांच्या शरबताचे थेंब बोटानं वेगळ्या बशीत टाक, बशीतलं ते प्यायचं नाही. रक्त, अग्नी, धुराचे खांब यांना तीन, पीडांना दहा, आणि रब्बी यहुदांच्या शब्दांना तीन. एकूण सोळा. तेरावरच हिशेब संपला, तर शेवटचे तीन राहिलेत असं समज.

तुझी,
आई