रिपोर्ट नॉर्मल आल्यावर

चि. सई,
अनेक आशीर्वाद.

"सीटी नॉर्मल आहे, टेन्शन घेऊ नका म्हणाले. मीच उगाच बाऊ करतेय बहुतेक," असं काल फोनवर म्हणालीस. बाऊ करणाऱ्यांतली तू नाहीस, अडचण तीच आहे. डॉक्टरांसमोर "थोडं गरगरतं" एवढंच बोलून गप्प बसतेस.

सायकलवरून पडलीस तेव्हा सीटी काढला तो डोक्यात रक्तस्राव किंवा कवटीला तडा आहे का हे बघायला. नाही, हे उत्तमच. पण कन्कशन, म्हणजे डोक्याला धक्का बसून मेंदूच्या कामात आलेला बिघाड, सीटीत दिसत नाही, साध्या एमआरआयमध्येही बहुधा नाही. कुशीवर वळताना खोली फिरते म्हणतेस, ते डोक्याला मार लागल्यावर आतल्या कानातले सूक्ष्म कण जागेवरून हलल्यानेही होतं. त्याच्या तपासणीला मशीन लागत नाही. मान वळवून झटकन आडवं झोपवतात आणि डोळ्यांची हालचाल बघतात, तिला डिक्स-हॉलपाइक म्हणतात. निदान तेच निघालं तर एप्ली नावाच्या हालचालींनी पुष्कळदा आराम पडतो. तुझी मानही दुखते, म्हणून आधी मान तपासून घ्यायची. यूट्यूब बघून घरी करू नकोस, तुझा स्वभाव मला माहीत आहे! तुझ्या हाताला मुंग्या येतात, त्यांचं मूळ मानेत असू शकतं, कोपरातही. त्यासाठीची ईएमजी, म्हणजे नसा आणि स्नायूंची विद्युत तपासणी, दुखापतीनंतर पहिल्या दोन-तीन आठवड्यांत केली तर दोष असूनही नॉर्मल येऊ शकते.

म्हणून पुढच्या वेळी सरळ विचार, "या रिपोर्टमुळे काय नाही हे कळलं, आणि काय बघायचं राहिलं?" न्यूरॉलॉजिस्टकडे पाठवायची गरज नाही असं म्हणाले, तर त्याचं कारण केसपेपरवर लिहून माग. भांडू नकोस, फक्त माग.

सांगताना "चक्कर येते" म्हणू नकोस. चक्करमध्ये शंभर गोष्टी बसतात. कुठल्या कुशीवर, किती सेकंद, स्थिर राहिल्यावर थांबते का, ते सांग. कोणती बोटं बधिर होतात, रात्री की टाइप करताना? पडण्याआधी तू काय सहज करायचीस आणि आता काय जमत नाही, तेही. एका पानावर तारखांसह लिही, दोन पानं कुणी वाचत नाही.

कुणी "फंक्शनल" म्हणालं, म्हणजे मेंदू-नसांची रचना ठीक पण त्यांचं काम बिघडलंय असं, तर तडकाफडकी उठू नकोस. तो नाटकाचा आरोप नसतो. असा त्रास शारीरिक दुखापतीनंतर सुरू होणं नेहमीचं आहे, आणि त्याच्या ठरावीक खुणा असतात. पायाच्या अशक्तपणातली हूवरची खूण (चांगला पाय उचलताना अशक्त पायात आपोआप जोर येतो ती) तर 1908 सालापासून माहीत आहे. त्यासाठीची फिजिओथेरपीही वेगळी असते. म्हणून "कोणत्या खुणेवरून म्हणता?" हे विचारायचं. हात न लावता, नुसते रिपोर्ट चाळून कुणी तसं म्हणालं, तर मात्र दुसरं मत घ्यायचं.

डोकेदुखी वाढत गेली, उलट्या, गुंगी, फिट, एका बाजूची ताकद जाणं, लघवीवरचा ताबा सुटणं, यातलं काहीही झालं तर अपॉइंटमेंटची वाट बघायची नाही, थेट इमर्जन्सीत जायचं. रक्त काही आठवड्यांनीही साठू शकतं, त्यामुळे पहिल्या दिवशीच्या सीटीवर तेव्हा विसंबायचं नाही.

अपॉइंटमेंट मिळाली की कळव. बाबांना बरोबर ने. मी आले तर मीच बोलत बसेन. शब्द आठवेनात म्हणून तू मधेच थांबतेस, ते त्यांनीही पाहिलंय. तेवढं त्यांनी डॉक्टरांना सांगितलं तरी पुरे.

तुझी,
आई