पोलीस बोलावण्याची मुदत मंत्रालयाने ठरवू नये

मा. उच्च शिक्षण मंत्री महोदय,
सप्रेम नमस्कार.

विद्यापीठात ठिय्या सुरू होतो, प्रशासकीय इमारतीला आंदोलकांचं कुलूप लागतं आणि कुलगुरूंचा फोन वाजतो. पलीकडे मंत्रालय असतं: ‘संध्याकाळपर्यंत परिसर मोकळा करा.’ माझी तक्रार या फोनबद्दल आहे.

एप्रिल १९६८मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात विद्यार्थ्यांनी पाच इमारती आठवडाभर अडवून धरल्या होत्या. दंडाला पांढऱ्या फिती बांधून प्राध्यापक मध्ये उभे होते. एका बाजूला आंदोलक, दुसऱ्या बाजूला त्यांच्यावर चिडलेले विद्यार्थी. (हो, चिडलेलेही होते आणि थोडेथोडके नव्हते.) ३० तारखेच्या पहाटे पोलीस आत शिरले. सुमारे ७०० जणांना अटक झाली, प्राध्यापकांनाही मार बसला. इमारती रिकाम्या झाल्या खऱ्या, पण जे काठावर होते तेही संपात उतरले, उरलेल्या सत्रात वर्ग धड भरले नाहीत आणि ऑगस्टमध्ये विद्यापीठाचे अध्यक्ष (म्हणजे आपल्याकडचे कुलगुरू) ग्रेसन कर्क पायउतार झाले. २०२४च्या एप्रिलमध्ये याच विद्यापीठाने आवारात ठाण मांडलेल्या आंदोलकांचे तंबू हटवायला पोलीस बोलावले, १००हून अधिक जण पकडले गेले आणि बघता बघता तंबू पुन्हा लागले. अध्यक्ष मिनूश शफीक यांनी राजीनामा दिला, तोही ऑगस्टमध्येच. महिनासुद्धा बदलला नाही!

आपल्याकडे कोलकात्याच्या जादवपूर विद्यापीठात २०१४ साली घेराव उठवायला रात्री पोलीस आले. त्यातून उसळलेलं आंदोलन कुलगुरूंच्या राजीनाम्याच्या घोषणेवरच थांबलं.

याउलट अमेरिकेतलंच शिकागो विद्यापीठ. १९६९मध्ये तिथेही प्रशासकीय इमारत सुमारे दोन आठवडे ताब्यात होती. अध्यक्ष एडवर्ड लेव्ही यांनी पोलीस बोलावले नाहीत. मात्र त्यांनी सगळं पोटातही घातलं नाही. प्राध्यापकांच्या शिस्त समितीपुढे प्रकरणं चालली आणि ४०हून अधिक विद्यार्थ्यांना काढून टाकलं गेलं. ही शिक्षा मला फार कडक वाटते, पण ती विद्यापीठाने स्वतः दिली, प्रकरणं ऐकून दिली. पोलीस न बोलावणं म्हणजे मोकळं रान देणं, असं समजणाऱ्यांनी हे प्रकरण जरूर बघावं.

आता आम्हा प्राध्यापकांविषयी. आंदोलन पेटलं की निम्मे स्टाफरूममध्ये चिडीचूप, उरलेले पत्रकावर सही ठोकून मोकळे. कोणी चालू तास बंद पाडला, परीक्षेचं दार अडवलं, तर ‘हे चालणार नाही’ असं तोंडावर सांगायला त्या पोरांना नावानिशी ओळखणारा शिक्षकच लागतो. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली इथल्या प्राध्यापकांनी ८ डिसेंबर १९६४ला ८२४ विरुद्ध ११५ मतांनी ठराव केला: बोलण्याच्या आशयावर बंधन नको, वेळ, जागा आणि पद्धत यांचे नियम मात्र असावेत. त्याआधी ८००च्या आसपास विद्यार्थ्यांना अटक होऊन गेली होती. ठराव आधी झाला असता तर?

म्हणून मागणी अशी की, हे नियम शांततेच्या काळात विद्या परिषदेत ठरवून घेण्यास प्रत्येक विद्यापीठाला सांगा. जिवाला धोका किंवा जाळपोळ असेल तर पोलीस यावेतच, त्यावर वाद नाही. एरवी प्राध्यापकांच्या निवडून आलेल्या प्रतिनिधींशी बोलल्याखेरीज कुलगुरूंनी पोलीस बोलावू नयेत. आणि मंत्रालय यासाठी तोंडी मुदत देणार नाही, एवढं आपल्या सहीने परिपत्रकात येऊ द्या.

आपला नम्र,
एक प्राध्यापक