तक्रार: '1600 वॅट, सर्व घरगुती उपकरणांसाठी' असे छापलेल्या कन्व्हर्टरमुळे जळालेला नेब्युलायझर

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक तक्रार विभाग

विषय : आपल्या 230 ते 120 व्होल्ट कन्व्हर्टरच्या खोक्यावरील चुकीची माहिती, हेल्पलाइनने दिलेला धोकादायक सल्ला आणि झालेले नुकसान

महोदय,

माझ्या वडिलांना दमा आहे. परदेशात राहणाऱ्या माझ्या भावाने त्यांच्यासाठी येताना एक नेब्युलायझर, म्हणजे औषधाचे बारीक तुषार करून मास्कमधून देणारे मोटरचे मशीन, आणला. तिकडे घरोघरी 120 व्होल्ट आणि 60 हर्ट्झचा (म्हणजे विजेची लहर सेकंदाला 60 वेळा पूर्ण होणारा) पुरवठा असतो, आमच्याकडे 230 व्होल्ट आणि 50 हर्ट्झचा. मशीनच्या मागच्या पट्टीवर '120 व्होल्ट, 60 हर्ट्झ, 1.2 अँपिअर' असे स्पष्ट लिहिलेले होते. म्हणून ते सरळ भिंतीच्या सॉकेटला न लावता मी आधी आपला कन्व्हर्टर विकत घेतला. मी शाळेत विज्ञान शिकवते. पट्टी वाचल्याशिवाय कुठलीही वस्तू लावायची नाही हे मुलांना सांगते आणि घरीही तेच करते.

खोक्यावर ठळक अक्षरांत '1600 वॅट' आणि त्याखाली 'सर्व घरगुती उपकरणांसाठी' असे छापले आहे. सोबत लॅपटॉप, मिक्सर आणि इस्त्रीची चित्रे आहेत. 120 गुणिले 1.2 म्हणजे 144. आपल्या 1600 च्या तो दहावा हिस्साही नाही. तरीही खरेदीपूर्वी मी आपल्या हेल्पलाइनला फोन करून दोन प्रश्न विचारले : मोटर असलेले उपकरण चालेल का, आणि 60 हर्ट्झच्या मशीनला 50 हर्ट्झ मिळाले तर काही होईल का? "1600 वॅटच्या आत आहे ना, मग बिनधास्त चालवा. हर्ट्झने काही फरक पडत नाही," असे उत्तर मिळाले. दोन्ही उत्तरे चुकीची होती.

पहिल्या दिवशी मशीन चालू झाले, पण त्याचा आवाज घरघरता, जड वाटला. मशीन नवीन आहे, असाच आवाज असेल, असे आम्ही धरून चाललो. दुसऱ्या दिवशी दहा मिनिटांत त्याचा तळ हाताला चटका बसेल इतका तापला. मी ते बंद केले, तासभर गार होऊ दिले आणि पुन्हा हेल्पलाइनला फोन केला. मोटरचे मशीन तापतेच, असे सांगण्यात आले. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी बाबांना धाप लागली होती. मास्क तोंडावर होता, औषध अर्धे उरले होते आणि मशीन एकदम थांबले. पाठोपाठ जळालेल्या वॉर्निशचा वास आला. घरात इनहेलर आणि स्पेसर (इनहेलरला जोडायची नळी) होता म्हणून पुढचा अर्धा तास निभावला. तो नसता तर काय झाले असते याचा विचार मला अजूनही करवत नाही.

वैद्यकीय उपकरणे दुरुस्त करणाऱ्या एका तंत्रज्ञांकडे मी मशीन आणि कन्व्हर्टर दोन्ही घेऊन गेले. मोटरचे वाइंडिंग, म्हणजे आतली तारेची गुंडाळी, काळे पडले होते. मग त्यांनी आपला कन्व्हर्टर ऑसिलोस्कोपला (विजेच्या लहरीचा आकार दाखवणाऱ्या यंत्राला) जोडून मला पडद्यावर दाखवला आणि खरा प्रकार कळला. या डब्यात ट्रान्सफॉर्मर नाहीच. इतक्या लहान आणि हलक्या डब्यात 1600 वॅटचा ट्रान्सफॉर्मर मावणारही नाही, हे तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवे होते. तेवढ्या ताकदीचा ट्रान्सफॉर्मर तांब्या-लोखंडाचा असतो आणि उचलताना दोन्ही हात लागतात. आपला कन्व्हर्टर इलेक्ट्रॉनिक स्विचचा आहे. तो विजेच्या प्रत्येक अर्ध्या लहरीचा सुरुवातीचा मोठा भाग अडवतो आणि शेवटचा तुकडा तेवढा पुढे सोडतो. त्या तुकड्यांतून मिळणारी उष्णता 120 व्होल्टच्या पुरवठ्याइतकी भरते, म्हणून त्याला 120 व्होल्ट म्हणायचे. पण लहरीचा आकार पूर्ण बिघडलेला असतो. खऱ्या 120 व्होल्टच्या पुरवठ्यात लहरीचे टोक 170 व्होल्टपर्यंत जाते. आपल्या कन्व्हर्टरमधून निघणारे टोक त्या पडद्यावर 300 व्होल्टच्या आसपास होते, आणि तेही दर अर्ध्या लहरीला झटक्यासरशी चढत होते.

इस्त्रीच्या कॉइलला याने काही होत नाही. कॉइल फक्त तापते, तिला लहर गोल आली की तुटकी आली याच्याशी देणेघेणे नसते. म्हणजे आपली वस्तू निकामी आहे असे माझे म्हणणे नाही, साध्या तापणाऱ्या उपकरणासाठी ती योग्यच असेल. पण मोटरला सलग, नियमित चढउतार होणारी लहर लागते. ती मिळाली नाही की मोटर घरघरते आणि ताकद देण्याऐवजी गरम होत राहते. ज्या उपकरणात इलेक्ट्रॉनिक सर्किट आहे, त्याच्या कपॅसिटरवर, म्हणजे वीज साठवणाऱ्या भागावर, 170 च्या जागी 300 व्होल्टचा ताण येतो. हा फरक वॅटच्या आकड्यात कुठेही दिसत नाही. माझे 144 वॅट आपल्या 1600 मध्ये आरामात बसत होते, तरीही मशीन जळाले. ग्राहकाने फक्त वॅट पाहावेत अशी आपल्या खोक्याची सगळी मांडणी आहे आणि नेमकी तीच त्याला चुकीच्या वाटेने नेते.

आता हर्ट्झबद्दल. उत्तम प्रतीचा ट्रान्सफॉर्मरसुद्धा व्होल्टेज तेवढे बदलतो, 60 हर्ट्झचे 50 किंवा 50 चे 60 करत नाही. पुरवठ्याच्या लयीवर फिरणारी मोटर 60 ऐवजी 50 हर्ट्झवर साधारण सहापैकी पाच भागच वेगाने फिरते. व्होल्टेज तेच राहून हर्ट्झ कमी झाले की मोटरच्या लोखंडी गाभ्यावर चुंबकीय भार वाढतो, वाइंडिंग जास्त वीज खेचते आणि आणखी तापते. म्हणजे कन्व्हर्टर चांगला असता तरी हे मशीन आमच्याकडे सुखाने चाललेच असते असे मी म्हणणार नाही. मला हे पुस्तकातून माहीत होते, म्हणूनच तर मी तो प्रश्न विचारला होता. फरक पडतो, हे मशीन लावू नका, एवढे एक वाक्य आपल्या माणसाने सांगितले असते तर मी भावाला मशीन परत न्यायला सांगितले असते.

मशीन जळाल्यावर मी तिसऱ्यांदा फोन केला. या वेळी म्हणे, मोटरच्या उपकरणांना हा कन्व्हर्टर चालत नाही, पत्रकात लिहिले आहे. खोक्याच्या तळाशी घडी घालून ठेवलेले पत्रक मी भिंगाखाली वाचले. चौथ्या पानावर 'केवळ तापणाऱ्या उपकरणांसाठी' असे एक वाक्य आहे खरे. पत्रकात 'केवळ तापणाऱ्या' आणि खोक्यावर 'सर्व घरगुती' या दोन गोष्टी एकाच वस्तूबद्दल खऱ्या असू शकत नाहीत. खोके फोडल्याशिवाय पत्रक हाती येत नाही आणि खोके फोडलेला माल आपण परत घेत नाही.

त्याच फोनवर जे पुढे सांगितले गेले, त्यासाठी खरे तर मी हे पत्र लिहीत आहे. पुढच्या वेळी कन्व्हर्टर कशाला, आमचा प्लग अ‍ॅडॅप्टर घ्या आणि सरळ लावा, असा सल्ला त्यांनी दिला. महोदय, प्लग अ‍ॅडॅप्टर फक्त पिनांचा आकार बदलतो. व्होल्टेज 230 चे 230 च राहते. 120 व्होल्टची 1000 वॅटची साधी तापणारी वस्तू कोणी अशी लावली, तर व्होल्टेज दुपटीच्या जवळ आणि वीज साधारण पावणेचार पट, म्हणजे 3,600 वॅटच्या वर जाईल. सुमारे 16 अँपिअर करंट हातातल्या पातळ वायरमधून वाहील. वायर वितळायला किंवा आग लागायला फार वेळ लागणार नाही. हेल्पलाइनवर बसलेला माणूस हे कुणाकुणाला सांगत असेल या विचाराने मला झोप लागली नाही. मी शिक्षिका असल्यामुळे ऐकले नाही. ऐकणारेही असतील.

खोक्यावरच्या लॅपटॉपच्या चित्राबद्दलही सांगते. बहुतेक लॅपटॉपच्या आणि मोबाइलच्या चार्जरवर '100 ते 240 व्होल्ट, 50/60 हर्ट्झ' असे लिहिलेले असते. ज्या चार्जरवर हे लिहिले आहे त्याला कन्व्हर्टर लागतच नाही, पिना जुळल्या की झाले. उलट आपल्या कन्व्हर्टरची तुटकी लहर दिली तर तो बिघडण्याचीच शक्यता. ज्याला गरज नाही आणि ज्याला अपाय होऊ शकतो, त्याचेच चित्र आपण पुढे छापले आहे. शिवाय कन्व्हर्टरच्या ज्या सॉकेटला उपकरण लावायचे त्याला दोनच भोके आहेत. तीन पिनांचे उपकरण लावायचे तर अर्थिंग सोडून द्यावे लागते.

कन्व्हर्टरची पूर्ण किंमत आणि जळालेल्या नेब्युलायझरची भरपाई मला मिळावी. खोक्याच्या दर्शनी बाजूला, वॅटच्या आकड्याइतक्याच मोठ्या अक्षरांत, हा कन्व्हर्टर फक्त साध्या तापणाऱ्या उपकरणांसाठी आहे, मोटर, इलेक्ट्रॉनिक आणि वैद्यकीय उपकरणे लावू नयेत आणि हर्ट्झ बदलत नाही, असे छापावे. ते छापून होईपर्यंत सध्याचा माल विक्रीतून काढावा. ज्यांनी तो आधीच घेतला आहे त्यांना आपण स्वतःहून कळवावे. बिल करताना आपण माझा फोन नंबर घेतला होता, तसाच त्यांचाही घेतला असणार. आणि हेल्पलाइनवरचा प्लग अ‍ॅडॅप्टरचा सल्ला आजच्या आज थांबवावा. भरपाईला उशीर झाला तर मी थांबेन, याला उशीर चालणार नाही.

सोबत बिलाची प्रत, खोक्याच्या चारही बाजूंची छायाचित्रे, पत्रकाच्या चौथ्या पानाची प्रत, तिन्ही फोनच्या तारखा आणि वेळा व तंत्रज्ञांचा लेखी अहवाल जोडला आहे. मोटर आणि कन्व्हर्टर मी जसेच्या तसे ठेवले आहेत. आपल्या अभियंत्याने येऊन ते माझ्यासमोर तपासावेत, मी दोन्ही वस्तू कुरिअरने पाठवणार नाही. बाबांसाठी आता 230 व्होल्ट, 50 हर्ट्झचेच मशीन घेतले आहे आणि ते व्यवस्थित चालते. पंधरा दिवसांत लेखी उत्तर अपेक्षित आहे. फोनवरचे उत्तर मी यापुढे ग्राह्य धरणार नाही.

आपली,
(सही)