स्कूटरची चावी खुंटीला लावताना

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

एसटीच्या सवलतींविषयी ज्येष्ठांची पत्रे आपल्या अंकात अधूनमधून वाचायला मिळतात. ६५ ते ७५ वयापर्यंत अर्धे तिकीट होतेच, ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षे पूर्ण केलेल्यांना राज्यात एसटीचा प्रवास मोफत झाला, ही चांगलीच गोष्ट आहे. मात्र घरापासून बसस्थानकापर्यंत जायचे कसे, हा प्रश्न तिकिटाच्या आधीचा आहे आणि त्याच्याही आधीचा प्रश्न मनाचा आहे. आयुष्यभर आपल्या हाताने गाडी चालवलेल्या माणसाने 'मला जरा सोडतोस का?' असे विचारायला केव्हा आणि कसे शिकायचे, याविषयी हे पत्र.

मी अमळनेरचा, वय ७३, निवृत्त शिक्षक. गेल्या दिवाळीच्या सुमारास तिन्हीसांजेला समोरच्या गाडीच्या दिव्याने डोळे दिपले आणि माझी स्कूटर भाजीच्या हातगाडीला घासली. कोणाला लागले नाही. चार-पाच वांगी रस्त्यावर घरंगळली, ती मी वेचून दिली, पैसेही पुढे केले. भाजीवाल्याने ते घेतले नाहीत. 'आबा, आते बस करा,' एवढेच तो म्हणाला. घरी आल्यावर मात्र मी ओरखडा ओल्या फडक्याने पुसत बसलो आणि रात्री पुण्याहून मुलाचा फोन आला तेव्हा त्याला अवाक्षर सांगितले नाही. विद्यार्थ्यांना खरे बोलायला शिकवण्यात ज्याचा जन्म गेला, त्याने असे करावे याची आज लाज वाटते; पण तेव्हा पुन्हा धडकण्यापेक्षा चावी काढून घेतली जाण्याचीच धास्ती मोठी होती.

पंचावन्नाव्या वर्षानंतर वाहन परवान्याचे नूतनीकरण पाच-पाच वर्षांसाठीच होते आणि त्यासाठी डॉक्टरांचे प्रमाणपत्र लागते. डोळे, कान, हातपाय यांची तपासणी त्यात आली. मनाची तयारी तपासण्याची सोय कोणत्याच नमुन्यात नाही, आणि असावी अशी माझी मागणीही नाही. ती ज्याची त्यानेच करायची आहे.

गाडी सुटल्यावर नेमके काय सुटते, हे मला उन्हाळ्यात कळले. आपल्या खानदेशात मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो; बँक, दवाखाना, बाजार ही कामे शहाणा माणूस सकाळीच उरकतो. मीही उरकत असे. आता मला नेणाऱ्याला ज्या वेळी सवड होईल ती माझी वेळ, मग ती भर दुपारची का असेना. अंतराचे फारसे दुःख नाही, गाव लहानच आहे. पण 'आत्ता उठलो आणि निघालो' हे संपले, आणि त्याची हळहळ घरच्यांना सांगायला गेले तर हट्टीपणा वाटतो.

यात सौभाग्यवतीचा विचार मी फार उशिरा केला. ती जन्मभर मागच्या सीटवर बसली. माझी गाडी थांबली तेव्हा तिचे माहेरचे जाणे आणि मंदिराचे जाणेही थांबायला हवे होते. थांबले मात्र काहीच नाही. कोणता रिक्षावाला सावकाश नेतो, कोणत्या शेजारणीबरोबर केव्हा जाता येते, हे सगळे तिला ठाऊक होते, कारण दुसऱ्यावर विसंबून जाण्याचा सराव तिला आधीपासून होता. मला ओशाळे वाटत होते ते तिच्या दृष्टीने रोजचे होते.

म्हणून साठी ओलांडलेल्या मित्रांना सुचवावेसे वाटते की, गाडी उत्तम चालवता येत असतानाच आठवड्यातला एक दिवस ती घरी ठेवावी आणि त्या दिवशीची सगळी कामे पायी, रिक्षाने किंवा कोणाच्या तरी मागे बसून करावीत. पहिले काही आठवडे चिडचिड होईल, माझी झाली. रात्रीचे आणि महामार्गावरचे चालवणे आधी सोडावे. कोणत्या खुणेनंतर पूर्ण थांबायचे, हे स्वतःच ठरवून मुलांना सांगून ठेवावे. मुलांनाही विनंती आहे की, चावी गुपचूप लपवू नये. माझ्या एका स्नेह्यांच्या घरी ती डब्यात लपवली गेली. ते आठवडाभर स्वतःचीच स्मरणशक्ती गेली असे समजून शोधत राहिले. आणि 'आबा, कुठे जायचे ते सांगा, मी नेतो' असे म्हटले, तर दिवस आणि वेळही तिथेच सांगावी. मोघम शब्दावर वाट पाहत बसणे फार जड जाते.

माझा परवाना येत्या एप्रिलमध्ये संपतो आहे. तो नूतनीकरणास न देण्याचे मी ठरवले असून, ओरखड्याची हकिकतही मुलाला सांगून टाकली आहे. ती त्याला भाजीवाल्याकडून आधीच कळली होती.

आपला,
एक ज्येष्ठ वाचक, अमळनेर